पावतीताईची पट्टी

पावतीताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सासूबाईंना उठवून बसवायचं, त्यांचे गुडघे शेकायचे, डबा करायचा आणि गोदाम गाठायचं. घरात पगार तिचा एकटीचा. त्यातूनच सासूबाईंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ती चार पैसे मागे टाकत होती.

गोदामात ती संगणकावर पावत्या काढायची. पावती हातात आली की आम्ही हमाल ट्रक भरायचो. पण बटण दाबलं की संगणक लाइनवरून मुख्य कचेरीतल्या साठ्याच्या नोंदी तपासत बसायचा आणि तोवर पडदा गोठायचा. काम चाललंय की बंद पडलंय, काहीच कळायचं नाही. बाहेर ड्रायव्हर भोंगे वाजवायचे. एकदा तिने वैतागून दुसऱ्यांदा बटण दाबलं. दोन पावत्या निघाल्या आणि आम्ही एकच माल दोन ट्रकांत भरला. दुसरा ट्रक उतरवताना कंबरडं मोडलं. भरलेलं उतरवण्याइतकं फुकटचं काम दुसरं नाही.

मालकाने बजावलं, "बाई, पुन्हा असं झालं तर घरी बसा."

प्रोग्राम लिहिणारा आला आणि पडद्यावर गोल फिरणारं चाक लावून गेला. आठवड्याने कचेरीशी जोडणारी लाइन तुटली. चाक मात्र फिरतच राहिलं. ताई हात बांधून बसलेली. बटण दाबायची आता भीती.

"ताई, पावती देताय की पथारी टाकू?" मी विचारलं.

"टाका. मलाही जागा ठेवा."

शेवटी तिने प्रोग्रामवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "चाक फिरतंय ना?"

"फिरतंय की. आमचे साहेबही दिवसभर फिरतात. काम किती झालं, ते सांगा ना!"

तो हसला, पण परत आला. आता बटण एकदा दाबलं की फिकं पडायचं, पुन्हा दाबलं जात नसे. पडद्यावर पट्टी सरकायची. किती मालाची तपासणी झाली, किती राहिली, ते खाली दिसायचं. लाइन तुटली तर तसं लिहून यायचं. काम थांबवायलाही वेगळं बटण होतं.

वेळ पूर्वीइतकाच लागायचा. पण ताई खिडकीतून ओरडायची, "निम्मं व्हायचंय, टेका जरा!" आणि आम्ही पोत्यांवर टेकायचो.

दुबार पावती पुन्हा निघाली नाही. निवृत्त होईपर्यंत ताई त्याच खुर्चीवर राहिली. इतक्या वर्षांच्या पगारातून सासूबाईंचा एक गुडघा झाला. डावा.