तोरिबियामावशीची म्होरकी

तोरिबियामावशी सत्तरीची आहे. आमच्या वस्तीच्या वरच्या पठारावर ती बेचाळीस लामा राखते, उंटासारख्या लांब मानेची, लोकरीची जनावरं. राखणं म्हणजे निम्मं काम गार्बान्सियो उपटण्याचं. हरभऱ्यासारख्या फुगीर शेंगांचं हे रानझुडूप. ऑक्टोबरात गवत करपून जातं, तेव्हा हे एकटंच हिरवं असतं, जांभळ्या फुलांनी भरलेलं. जनावराला त्याची चटक लागली की ते दुसऱ्या चाऱ्याला तोंड लावत नाही. मान थरथरते, वाट कळेनाशी होते, मग ते झुरून मरतं. शिवाय एकाचं पाहून दुसरं शिकतं. माझी लेक मावशीबरोबर कळपामागे हिंडते, तिच्याकडून मीही सगळ्यात आधी हे झुडूप ओळखायला शिकले.

यंदा बिघडली ती कळपाची म्होरकीच. भरदिवसा ती कळपाच्या वाड्याच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळली.

"म्हातारी झाली ती, मावशी, तुझ्यासारखीच," शेजारचा एउसेबियो म्हणाला.

"मी आपटते का रे भिंतीवर, मेल्या?"

पण मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवशी कळप कोंडून ठेवून तिनं एकट्या म्होरकीला सोडलं आणि मागोमाग गेली. म्होरकी थेट कबरस्तानाच्या पडक्या कुंपणातून आत शिरली. तिथे मावशीच्या नवऱ्याच्या, फेर्मीनच्या कबरीवर गार्बान्सियोची तीन झुडपं होती. अख्ख्या डोंगरावरची झुडपं उपटणाऱ्या मावशीनं तेवढीच राखली होती. आमच्या पठारावर मेलेल्या माणसाला दुसरं फूल कुठून आणायचं?

"बांधून ठेव, गवत घाल. सुधारेल," एउसेबियो म्हणाला.

"सोडली की परत तिकडेच जाईल. आणि तिच्यामागून एक्केचाळीस. चूक माझी आहे एउसेबियो, तिची नाही. सुरी घेऊन ये."

तिनं म्होरकीचं तोंड उगवतीकडे केलं, रीतीप्रमाणे निरोपाची म्हणून ओठांत कोकाची पानं ठेवली, डोळ्यांवर स्वतःची शाल धरली. सगळं संपेपर्यंत मावशी तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. नंतर कबरीवरची तिन्ही झुडपं तिनं मुळासकट उपटून जाळली.

सकाळी वाड्याचं दार उघडलं, तर एकही लामा बाहेर पडेना. सगळ्या दाराशी येऊन थबकायच्या.

"आता गं?" मी विचारलं.

साठ वर्षं मावशी कळपाच्या मागून चालली होती. तिनं गोफण कमरेला खोवली, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि मागे न बघता चढ चढू लागली. बऱ्याच वेळानं एक लामा निघाली, मग दुसरी.