केळकुळ्याचा ळ

आमच्या मुलीला लहानपणी ळ म्हणता येत नसे. संध्याकाळी ती माझ्यापुढे उभी राहून ठणकावून सांगायची, ‘बाबा, केलं!’ मी तिला उचलून मोरीकडे धावायचो आणि ती हातपाय झाडून रडायची, कारण तिला केळं हवं असायचं.

शेवटी मी एक प्राणी रचला. केळकुळ्या. जास्त पिकलेल्या केळ्यासारखा पिवळा, अंगभर काळे ठिपके, कानांच्या जागी सालीच्या दोन पट्ट्या, पाठीत वाकलेला. तो बाक माझाच, ऑफिसच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसून कमावलेला. ‘केलकुल्या’ म्हणणाऱ्याचं केळं तो फस्त करायचा. नीट हाक मारली तर अर्धं परत द्यायचा. अर्थात केळी मीच खायचो. माझं वजन वाढलं, पण तिला ळ आला.

आता ती बाणेरच्या एका कंपनीत मोबाइलवरच्या खेळांसाठी प्राणी काढते. मागच्या वर्षी तिचा केळकुळ्या मंजूर झाला आणि मी कोथरूडभर सांगत सुटलो. सोसायटीतले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, ‘वा! म्हणजे तुमच्या हातून काहीतरी घडलं तर.’ मी तेही कौतुकात धरलं. मला एवढंच हवं होतं, की नाव तसंच राहावं. ळसकट.

खेळ बाजारात आला त्या रविवारी ती जेवायला आली. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘हाक मार, येतो तो.’

‘केळकुळ्या!’

पडद्यावरचं केळीचं बन ढिम्म.

‘बाबा, केलू म्हण.’

‘केलू कोण?’

‘तोच. बाहेरच्यांना ळ जमत नाही रे. मशीनलाही कळत नाही. मी दोन मीटिंगमध्ये भांडले.’

‘आणि तिसरीत?’

‘तिसरी झालीच नाही. नाव बदलल्याचा मेल आला.’

मी केलू म्हणालो. तो टुणटुण उड्या मारत आला. ताठ कण्याचा.

‘पाठ सरळ करावी लागली,’ ती म्हणाली. ‘उडी नीट दिसत नव्हती.’

कोपऱ्यात त्याची माहिती होती. इंग्रजीत लिहिलं होतं, की हा प्राणी एका फार जुन्या लोककथेतून आला आहे.

‘कुठली लोककथा?’

‘तुझीच. पण वडिलांनी रचलंय असं लिहिलं की हक्कांचे प्रश्न निघतात. लोककथेला मालक नसतो.’

‘अहो, जिवंतपणी लोककथा झालात,’ आमटी वाढता वाढता बायको म्हणाली. ‘बाकीच्यांना त्यासाठी मरावं लागतं.’

मी हसलो. आमच्या घरात हसवण्याचं खातं माझ्याकडे आहे; अशा वेळी रजा टाकता येत नाही.

मुलगी भात कालवत म्हणाली, ‘पुढच्या भागाला आणखी प्राणी हवेत. तुझ्याकडे असतील ना अजून?’

होते. तिला ताप आला की उशाशी येऊन बसणारा एक होता. दात पडला की फोडणीच्या डब्यातून डोकावणारी एक होती.

‘संपले,’ मी म्हणालो.

ती ‘खरंच?’ म्हणेल म्हणून मी घास हातातच धरून थांबलो होतो.

‘बरं, नेटवर बघते मग,’ ती म्हणाली आणि आईकडे लिंबाची फोड मागितली.