आक्काच्या पानाला काडी

दुसऱ्याच्या पेटत्या चुलीत हात घालून शेणी, म्हणजे गोवऱ्या, बाहेर ओढणारी बाई तुम्ही पाहिली आहे? मी पाहिली आहे. आमच्या शेजारीच राहायची. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं, आणि तिची चाहूल लागली की बायका चुलीपुढं पाट उभा करायच्या. आक्का पाट बाजूला सारायची, जळकी शेणी उघड्या हातानं ओढून अंगणात आपटायची.

"जमिनीच्या तोंडचा घास हाय ह्यो. जाळतीस कशाला गं?"

हा आवाज निपाणीच्या बाजारात ऐकू जायचा. वाऱ्याची साथ असली तर संकेश्वरचे बैल बिचकायचे.

तिच्या स्वतःच्या चुलीत तुरकाट्या आणि बाभळीचं जळण. शेण सगळं उकिरड्यात. आपल्या जनावरांचं तर झालंच, परक्या गाडीच्या बैलांमागंही ती पाटी घेऊन जायची. एकदा मामलेदाराच्या घोड्यामागं वेशीपर्यंत चालत गेली. बाई अर्ज द्यायला आली असं समजून साहेबानं घोडा थांबवला, आणि आक्काला हवं होतं ते घोड्यानं तिथंच दिलं. उन्हाळ्यात धनगर तिच्या रानात मेंढरं बसवायचा, तेव्हा ती मेंढरांवरही देखरेख करायची. एखादं बांधापलीकडं गेलं की म्हणायची, "खाल्लंस हितलं आन् देणं तिकडं व्हय रं?" त्या उकिरड्यात माझी काठी विसरली होती. आठवड्यानं आणायला गेलो तर तिला पालवी फुटलेली. पटत नसेल तर सोडून द्या, पण पुढचं सोडू नका.

आमच्याकडं पीक तंबाखूचं. माल वाळला की निपाणीचा व्यापारी यायचा. प्रत्येकाच्या ढिगातलं पान उचलून काडी लावायचा आणि ते धुमसत शेवटपर्यंत जातं का बघायचा. विझणारं पान विडीला चालत नाही. आक्काच्या खळ्यावर मात्र त्याची काडीपेटी खिशातच राहायची. "आक्काच्या पानाला काडी लावायची नसते," असं तो चारचौघांत म्हणायचा. ती विधवा बाई. अंगावर मणी नव्हता. हे वाक्य तेवढा तिचा दागिना.

मग लढाई आली. खताला पेंड मिळेना, धनगर फिरकेना. आणि निपाणीच्या एका दुकानदाराकडं मात्र विलायती पांढऱ्या खताच्या पोत्यांची थप्पी लागली. बोटी बंद असताना हे खत पोहत आलं का, असं कुणी विचारलं नाही. आमच्या गावाला प्रश्न पडतात, पण पोतं रिकामं झाल्यावर.

पंचमीला आक्का माहेरी गेली. तिचा दीर आप्पा, बैलावरही आवाज न चढवणारा माणूस, गावानं केलं तेच करून बसला. तिचं रान तोच कसायचा. दोन पोती आणून रोपांच्या बुडाशी टाकली. आक्का परतली तर मातीवर पांढरी खपली. ती चिमूट जिभेवर ठेवून थुंकली आणि आप्पाशी बोलायची बंद झाली. आक्काची ती शांतता इतकी भयंकर होती की गावातल्या कुत्र्यांनीही भुंकणं सोडलं.

पानं आली ती हत्तीच्या कानाएवढी. गाव खुशीत. मग व्यापारी आला, आणि पांढरं खत घातलेल्या प्रत्येकाचं पान विझत गेलं. आक्काच्या ढिगापुढं तो उभा राहिला. मग खिशात हात घालून म्हणाला, "आक्का, राग मानू नका."

त्यानं काडी लावली. पानाची कड काळी पडली आणि विझली. दुसरं पान घेतलं, तेही विझलं. आक्का काडीपेटीकडं बघत होती. ढिगाकडं तिनं बघितलं नाही.

पुढच्या बाजारी ती दुकानदाराच्या दारात. आम्ही मागं. तिचा स्वर इतका गोड की माझ्या अंगावर काटा आला.

"दादा, तुमची लई भरभराट झाली. दृष्ट लागंल."

तिनं त्याच्याच पोत्यातून मूठ भरली, त्याच्यावरून ओवाळली आणि शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत टाकली.

तडतड सुरू झाली. दृष्ट काढताना मीठ-मिरच्या चुलीत टाकतात, तोच आवाज. बाजारातल्या एकेका बाईनं तो ओळखला. मी तर म्हणतो, बेळगावात पोलिसांनी बंदुका उचलल्या असतील.

"मीठ," आक्का म्हणाली. "माझ्या रानात मीठ पेरलंस."

मीठ लागलेलं पान जळत नाही, हे आमच्याकडं पाळण्यातलं पोरही जाणतं. त्या दुकानदाराला कळत नव्हतं असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे. "वरूनच तसं आलं," म्हणून त्यानं हात जोडले. कोणी साहेब आला, चहा प्यायला, गेला. दुकानाच्या फळ्या काही दिवस लागल्या आणि पुन्हा उघडल्या. गणपतीच्या वर्गणीत तोच पहिला. आजही आठवलं की ते मीठ माझ्या दाताखाली करकरतं.

आक्का रानाच्या मागं लागली. पावसानं मीठ धुतलं, तिनं ताग पेरून गाडला, गावभरचं शेण ओढून आणलं. आता बायका आपणहून देत होत्या. पण व्यापारी दरसाल काडी लावायचा. पान जळायचं, तरी लावायचा. एकदा बसलेला संशय कुठल्या पावसानं धुतला जातो?

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात, पानं खळ्यावर वाळत असताना, आक्का तापानं गेली.

आमच्याकडं मयताला शेणी लागतात, घराघरातून येतात. त्या दिवशी एकाही घरातून आली नाही. कुणी तुरकाट्या आणल्या, कुणी मोडका नांगर, माझ्या आईनं चुलीपुढचा पाट. तेवढ्यात एक गाडी आली, शेणींनी गच्च भरलेली. मागून तो दुकानदार, पांढरी टोपी, हात जोडलेले.

आप्पानं बैलांची वेसण धरली आणि गाडी आक्काच्या रानाकडं वळवली.

"शेणी न्हाय जाळायची," एवढंच म्हणाला. सगळी गाडी बांधाशी रिकामी केली. दुकानदार हात जोडलेलाच राहिला. सोडावेत कसे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

महिन्याभरानं व्यापारी आला. आक्काच्या ढिगापुढं उभा राहिला, खिशात हात घातला. हात बाहेर आला तो रिकामा. पान नुसतं हुंगून त्यानं जागेवर ठेवलं आणि गड्याला म्हणाला, "गाडी लाव रं."

भाव ठरवायला आप्पा खळ्यावर नव्हताच. बांधाकडून आवाज येत होता. एकेक शेणी टाचेखाली घेऊन तो रानाच्या मातीत फोडत होता, दात खाऊन.