समोरच्या ओट्यावरचा खुंटा

"घरचा खुंटा पक्का असला, की पोर बाहेर निर्धास्त चरून येतं." आमच्या समोर राहणारे हेडक्लार्क तर्जनी वर करून हे सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याने मान डोलवावी अशी अपेक्षा असे. आम्ही इंदूरच्या बडा गणपती मोहल्ल्यातले लोक डोलवत असू. मान डोलवायला काही खर्च लागत नाही.

त्यांची बायको लवकर गेलेली. घरी धाकटी बहीण आणि तेरा वर्षांची लेक, कुसुम. हा खुंटा मात्र अर्धे वर्ष जागेवर नसे. तेव्हाच्या मध्यभारत राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायली, टाइपरायटर आणि साहेबांच्या सुरया यांच्याबरोबर तेही जात, थकून परत येत, आणि साचलेली माया एकदम खर्च करत.

कुसुमच्या मैत्रिणी सागरगोटे खेळायला आल्या, की हे मध्ये मांडी घालून पंच. "गोटा हलला. बिल्कुल हलला. चल, पुढची." भांडण उगवायच्या आत निकाल. पोरी "हो काका" म्हणत. मग एकेकीला अभ्यास फार होऊ लागला. शेवटी तिची जिवाभावाची शांताही येईनाशी झाली, त्या दिवशी कुसुम जेवली नाही.

बहीण म्हणाली, "दादा, तू नसतोस तेव्हा इथे नुसता गोंगाट असतो. भांडतात, रुसतात, परत येतात. तू बसलास की कचेरी भरते."

हे त्यांनीच मला येऊन सांगितले. तर्जनी खाली होती. "मतलब, भिया, मी ग्वाल्हेरलाच बरा."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. चार-सहा दिवसांनी शांता आली. मग बाकीच्या. समोरच्या घरातून "लबाड!", "तूच लबाड!" ऐकू आले, तसे ते अर्धवट उठले.

"बसा," मी म्हणालो.

बसले. इतक्यात कुसुम त्यांच्या दारात आली, समोर पाहिले, ते दिसले, आणि भांडायला आत गेली. हे रोजचेच झाले. एकदा ते पान आणायला नाक्यावर गेले होते, तर ती दारात उभीच राहिली. आतून शांता ओरडत होती, "अगं, तुझा डाव!" ते कोपऱ्यावर दिसले तेव्हा ती आत वळली.

मी त्यांना हे सांगितले नाही. तर्जनी पुन्हा वर गेली असती.

पुढे नवे राज्य झाले. राजधानी भोपाळला गेली, ती कायमची. कुसुमला आणि बहिणीला घेऊन त्यांचा टांगा निघाला तेव्हा शांता कोपऱ्यापर्यंत मागे धावली.

त्यांची खुर्ची अजून माझ्या ओट्यावर आहे. तिचा एक पाय आखूड आहे. पहिल्यापासूनच होता; पक्की अशी ती कधीच नव्हती.