देसाई सरांना मी वर्गावर ठेवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बिशपना नाही, ज्यांच्यापुढे गुडघे टेकून माझी पापं सांगतो त्या फादरांनाही नाही. तुम्हाला सांगतो.

गेल्या महिन्यात सुरतेतल्या आमच्या हायस्कूलनं माझा सत्कार केला. मी इथंच शिकलो, फादर होऊन इथंच परतलो; आधी शिक्षक, मग प्रिन्सिपल. बदलीचं निघालं की हात जोडायचो — मला इथंच राहू द्या. शाळेवर केवढं प्रेम, असं सगळे म्हणाले. प्रेम होतंच. पण तेवढ्यासाठीच राहिलो का?

माझे वडील नंदुरबारकडून आलेले, नवागामला लूम चालवायचे. घरी आमची अहिराणी. नववीत गणिताच्या देसाई सरांनी फळ्यापाशी बोलावलं आणि घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "सर, माले येस नही." मला येत नाही — एवढंच म्हणायचं होतं.

"येस के नही?" माझ्या 'येस'चं इंग्रजी 'यस' करून सर हसले. "फरी बोल, नवागाम!"

पुन्हा बोललो. वर्ग खदखदला. मग वर्षभर ते रोजचंच झालं — तास सुरू होण्याआधी मी उभं राहून ते वाक्य म्हणायचं. एकदा वडील डबा द्यायला आले, तर सरांनी त्यांच्याकडूनही म्हणवून घेतलं. वडीलही हसले. त्यांना वाटलं, सर कौतुक करताहेत.

ते हसणं मी विसरलो नाही. झगा चढवला तेव्हाही नाही.

मी प्रिन्सिपल झालो तेव्हा सरांची निवृत्ती वर्षावर आली होती. एके दिवशी ते केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं, खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे राहिले.

"फादर, मला लायब्ररीत बसवा. फळ्यावर लिहिता लिहिता विसरतो. मुलं हसतात."

लायब्ररी रिकामीच होती. गणिताला दुसऱ्या बाई होत्या. एक सही — बस. आणि मी काय म्हणालो?

"सर, तुमच्यासारखं गणित कोण शिकवणार? मुलांना तुमची गरज आहे."

त्यांचे डोळे भरून आले. थँक्यू म्हणाले.

मग मी रोज त्यांच्या तासाला व्हरांड्यात उभा राहायचो. मुलांना गप्प करायला? नाही — ऐकायला. आत हसण्याचा लोट उठायचा आणि माझ्या छातीत काहीतरी निवायचं. एकदा ते खडू हातात घेऊन बाहेर आले, मलाच विचारलं, "माझा वर्ग कुठला?" मी हाताला धरून त्यांना पुन्हा आत सोडलं.

दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. कतारगामला त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी मला ओळखलं नाही. सरांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. "तुमचंच नाव घ्यायचे," म्हणाल्या. "फादरनी मला शेवटपर्यंत मान दिला, म्हणायचे."

मी पाणी प्यालो. तेव्हा मला लाज वाटली नाही. समाधान वाटलं. ते अजून पुरतं गेलेलं नाही.