तिकांड्यापाशी तुटलेला तारा

आबांना काचबिंदू आहे हे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर फार उशीर झाला होता. कडेची नजर गेली होती. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं, आणि तेही हळूहळू जाणार होतं. फौजेतून रिटायर झालेला माणूस, सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, तू ते तुटत्या ताऱ्यांचं फोटू काढतीस न्हवं? मलाबी घिऊन चल. डोळं हायत तवर एक बघून घितो."

वडलांनी असं मागितल्यावर मी घरी पोचायच्या आत पुढच्या उल्का कधी पडतात ते शोधून काढलं.

मला हे वेड लावलं त्यांनीच. सुट्टीवर आले की रात्री अंगणात घोंगडं टाकायचे, मला शेजारी आडवं करायचे आणि सप्तर्षीचं बाजलं दाखवायचे, तिकांडं दाखवायचे. मृगातल्या त्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. तेव्हा गावात लाईट रोज जायची. लोक शिव्या द्यायचे आणि मला मात्र ती जाऊच दे असं वाटायचं. आता सांगलीत गच्चीवर उभी राहिले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे दिसतात, आणि त्या घोंगड्याची अशी काही आठवण येते की खाली घरात जावंसं वाटत नाही.

डिसेंबरात उल्का पडतात तेव्हा मी कॅमेरा घेऊन गावी गेले. आमचं गाव औंधच्या अलीकडे. गावाबाहेर पाझर तलाव आहे. आईने आधी माझी हजेरी घेतली. "एवढ्या गारठ्यात म्हाताऱ्या माणसाला तळ्यावर नेतीस? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?" मग आबांकडे वळून, "आवं, कानाला तरी बांधा," आणि चहाचा थर्मास घेऊन स्वतःच सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसली.

तलावाच्या भरावावर मी स्टँड लावला, कॅमेऱ्याचं तोंड पाण्याकडे केलं. वर तुटता तारा आणि खाली पाण्यात त्याची रेघ, असा एक फोटो मला कित्येक वर्षं हवा होता. पाणी अगदी निवांत होतं. लांब डोंगरावर यमाईच्या देवळाचे दिवे, बाकी सगळा काळोख.

पहिला तारा पडला. "आबा, तिकडं!" मी ओरडले. त्यांनी अख्खी मान वळवली, तोवर संपलं. पुढचा डावीकडे. "कुठं? कुठं?" "गेला, आबा." असं चारपाच वेळा झालं. कडेचं दिसतच नाही तर सापडणार कसं? मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात तोंडावर बॅटरीचा झोत आला. "कोण हाय रं तिकडं? पान्याची मोटार चोरायला आलाय व्हय?" शेजारच्या रानाचा मालक होता, उसाला पाणी पाजायला आलेला. माझा चालू फोटो पांढराफट्ट झाला.

"आरं गड्या, मी हाय! आधी ती बॅटरी बंद कर."

"आवं आबा, तुमी? म्या म्हटलं परत केबल गेली."

कशाला आलोय ते सांगितल्यावर तोही फतकल मारून बसला, आणि मग सगळ्यात जास्त तोच ओरडायला लागला. "आबा, त्यो बघा! आयला, लय मोठा!" आबा इकडे वळत, तिकडे वळत. शेवटी भडकले.

"गप बसा रं समदी! मान मोडायची वेळ आली. मी तिकांड्यावर नजर धरून बसतो. कुणी कायबी दावू नका मला."

तिकांडं तेव्हा बरंच वर आलं होतं. आबांनी पाठ भरावाला टेकली आणि नजर लावली. सीमेवर रात्र रात्र पहारा दिलेला माणूस, हलेना की बोलेना. शेजाऱ्यानेही तंबाखू दाढेला धरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. देवा, एक पडू दे, एवढंच मी मनात म्हणत होते. आभाळाकडे माझं लक्षच नव्हतं. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. आईही तिकडेच, शेजारीही तिकडेच.

"गेला!" आबा एकदम ओरडले. "तिकांड्याच्या खालनं गेला! हिरवा! मागं रेघ हाय बघा... इझली."

"कुठं? कुठं?" आम्ही तिघांनी एकदमच माना वर केल्या. वर काही नव्हतं.

"आता तुमी इचारा, कुठं म्हणून!" आबा हसत होते आणि मफलरने डोळे पुसत होते. आईने त्यांचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

कॅमेऱ्याचं तोंड पाण्याकडे होतं, वर आलेलं तिकांडं त्याच्या चौकटीत नव्हतंच. त्यामुळे त्या ताऱ्याचा फोटो नाही.

आता आबांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो. घरी कुणी आलं की चहा यायच्या आत तो तारा निघतो. दर वेळी थोडा मोठा होतो. परवा तर त्याच्या उजेडात सगळं तळं हिरवं झालं होतं. पाहुणे हळूच माझ्याकडे बघतात, खरंच का असं विचारतात. मी म्हणते, मला काय विचारता? बघितलाय तो त्यांनी एकट्यानेच.