वारा वळतो जऊळक्याला

पुण्याहून निघताना आईने मला नवा काळा कोट घालायला लावला. मुलगी पाहायला निघालेला भूगोलाचा मास्तर निदान वरून तरी बरा दिसावा, एवढीच तिची माफक अपेक्षा. स्थळ आत्याने सुचवलेलं, वऱ्हाडातल्या जऊळक्याजवळचं. अकोल्याला गाडी बदलून छोट्या रुळांवरच्या गाडीत बसलो. ती इतकी निवांत चालत होती की खिडकीतल्या एकेका पळसाशी चांगला स्नेह जमायचा, मग कुठे तो मागे पडायचा.

स्टेशनवर बंडी (बैलगाडी) आली होती. ती घराकडे न जाता थेट शेतात शिरली.

"घरी कोनी नाई जी," गाडीवान म्हणाला, "समदे खळ्यावर हायेत."

खळ्यावर मळलेल्या गव्हाची रास होती आणि तिच्याशेजारी उंच तिवईवर मुलीचे वडील नामदेवराव हात कमरेवर ठेवून आकाशाकडे रागाने बघत उभे होते. उफणणी (वाऱ्यावर दाण्यांतला भुसा उडवणं) करायची होती आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"रामराम मास्तर! जोडे भाईर काढा, खळ्यात जोडा चालत नाई. अन् बोलनं मंग. आंदी गहू उफणू द्या."

"आणि वारा आलाच नाही तर?"

"त मंग बोलनं बी नाई. उद्या रिसोडचे पाहुणे पोरीले पाहाले येऊन राह्यले. त्याईच्या पोळ्या याच गव्हाच्या."

माझी परतीची गाडी संध्याकाळची. म्हणजे माझं लग्न वाऱ्यावर होतं, अगदी शब्दशः. मनातून मी घाबरलो होतो, कारण राशीपलीकडे रोडग्यांसाठी (निखाऱ्यावर भाजायचे कणकेचे गोळे) कणीक मळणारी त्यांची मुलगी विमल मला बघताक्षणीच आवडली होती.

घाबरला की मास्तर शिकवू लागतो. मी सांगितलं, काळजी नको, वारा येणारच. उन्हाने जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, तिथला दाब कमी होतो. मग जास्त दाबाकडची हवा तिकडे धावते, तोच वारा. दुपार कलली की पश्चिमेकडून येईल. मात्र लांबून येणारा वारा सरळ येत नाही. खाली पृथ्वी फिरत असते, म्हणून आपल्या अर्ध्या गोलावर तो उजवीकडे वळतो.

"जमीन फिरून राह्यली?" नामदेवराव तिवईवरून म्हणाले. "मंग मी काहून पडत नाई?"

कणीक मळून काढल्यावर मी विमलची परात मागितली, पालथी घातली, तिच्यावर पीठ भुरभुरवलं आणि विमलला ती डावीकडे फिरवायला सांगितली. फिरत्या परातीवर मी मधून काठाकडे बोट अगदी सरळ ओढलं. रेघ उजवीकडे वाकडी उमटली.

"बोटच वाकडं हाये तुमचं," विमल म्हणाली. पण तिने परात पुन्हा फिरवली आणि स्वतःचं बोट ओढून पाहिलं. तिचीही रेघ वाकडीच आली. ती हसली, आणि मला वारा नाही आला तरी चालेल असं क्षणभर वाटलं.

रोडगे, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा पोटात गेला. दुपार कलली. पळसाचं पान हललं. वारा पश्चिमेकडून, म्हणजे कुटार (भुसा) सरळ पूर्वेला जाणार, असा हिशेब करून मी कोट सांभाळत आग्नेय कोपऱ्यातल्या बाभळीखाली उभा राहिलो. विमलने टोपली वर दिली, नामदेवरावांनी ती हलवली, गहू खाली पडला आणि सगळं कुटार माझ्या अंगावर आलं.

वारा वायव्येकडून आला होता.

"मास्तर," विमल ओरडली, "वळन इसरले ना जी!"

खळ्यापुरत्या जागेत ते वळण दिसत नसतं, वारा दूरवरूनच वळून आलेला असतो, हे मी तोंडातलं कुटार काढत समजावू लागलो. कुणी ऐकत नव्हतं. नामदेवराव हसता हसता तिवईवरून पडायचेच बाकी होते.

दिवस कलताना रास स्वच्छ झाली. बंडी जुंपली गेली. मी हात जोडून विचारलं, "मग काय ठरलं?"

"मले काय इचारता? तिले इचारा."

विमलने टोपली झटकली. "पुण्यात वारं कोन्या बाजूनं येते?"

"बहुतेक पश्चिमेकडून."

"सरळ?"

"नाही. वळून."

"मंग कुठं उभं राहाचं ते मी सांगत जाईन," ती म्हणाली आणि टोपली घेऊन निघून गेली.

नामदेवरावांनी घसा खाकरला. "रिसोडच्या पाहुण्याईले सांगावा धाडा लागते आता," ते म्हणाले आणि बैलांकडे बघत बसले.

गाडी परतीला तितकीच रमतगमत चालली होती, पण या वेळी मला घाई नव्हती. पृथ्वीच्या फिरण्याचे मी वर्गात अनेक फायदे सांगितले आहेत. हा एक सांगायचा राहून गेला होता.

घरी आईने कोट हातात घेतला आणि अंगणात झटकला. कुटाराचा ढग उठला.

"अरे, हे काय घेऊन आलास वऱ्हाडातून?"

"होकार," मी म्हणालो.